शारजातली चिनी पोथी

मिलिंद, काल सुनंदावहिनींचा गावाहून फोन आला होता. पुढच्या रविवारी विहारात तुझं पुण्यानुमोदन आहे. म्हणाल्या, "दत्ताभाऊ, तुम्ही सगळे शारजाला खोलीत ती चिनी पोथी वाचायचात ना, हे फार सांगायचे तिच्याबद्दल. चार ओळी लिहून पाठवा, इथं वाचून दाखवू." मी हो म्हटलं. आता सकाळपासून कागद घेऊन बसलोय.

दमलोय रे. तुझे कागद पुरे करायला पाच दिवस अल ऐन, अबूधाबी, दुबई अशा चकरा मारल्या. या शिक्क्यासाठी तो शिक्का हवा, त्या शिक्क्यासाठी हा. प्रत्येक खिडकीत एकच उत्तर, इन्शाल्ला, उद्या. तुझी पेटी विमानात चढली असा फोन आला तेव्हा मी पार्किंगमध्ये गाडीत बसलो होतो. रडू येईल असं वाटलं होतं. झोप आली. तासभर तोंड उघडं टाकून झोपलो तिथं. याची लाज वाटतेय, पण तुझ्यापासून काय लपवायचं!

अशा प्रसंगी लोक गोड गोड लिहितात. मलाही लिहिता येईल. मिलिंद किती हुशार, मिलिंद किती शांत. खोटंही नाही ते. पण तू मला एक प्रश्न विचारला होतास आणि मी त्याचं उत्तर दिलं नव्हतं. ते या कागदात लिहायचं की गाळायचं, एवढंच ठरत नाहीये. तुझ्या माणसांसमोर वाचलं जाणार आहे हे.

इंडस्ट्रियल एरियातली आपली खोली आठवते ना? सहा माणसं, तीन दुमजली पलंग, एक एसी, आणि तो एसीही मनात येईल तेव्हा चालणारा. तू आलास तेव्हा पहिल्याच दिवशी केशवकाकांनी विचारलं, आडनाव काय, गाव कुठलं. काका म्हणजे खोलीतले सगळ्यांत जुने, आमच्याच देवगडकडचे. आपल्या माणसाला हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पाणी गोड लागत नाही. तू आडनाव सांगितलंस, औरंगाबादकडचं गाव सांगितलंस आणि वर म्हणालास, "बौद्ध आहे. म्हणजे तिसरा प्रश्न नको." काका खोकले. मी हसलो. मला वाटलं, बरा आहे हा, तोंडाने खमका आहे. एसीखालचा वरचा पलंग तुला मिळाला, कारण तिथे पाणी ठिबकायचं आणि तो कुणालाच नको होता.

तू वर्कशॉपमध्ये लेथवर, मी तिथेच स्टोअरमध्ये. तुला एखादा बोल्ट हवा असला की तू चिठ्ठीवर मोत्यासारख्या अक्षरात लिहायचास, आणि मी म्हणायचो, "कॉलेजात पाली शिकलेला माणूस बोल्ट मागतोय, काय दिवस आलेत!" तू म्हणायचास, "पालीत बोल्टला शब्द नाही, म्हणून मराठीत मागतोय. दे लवकर, यल्ला."

खोलीत श्रावणात पोथी लागायची. शुक्रवारी सुट्टी, सकाळी कपडे धुऊन झाले की काका पोथी उघडायचे आणि आम्ही खालच्या पलंगांवर दाटीवाटीने बसायचो. त्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि एसीच्या पाण्याने पोथी भिजून पानं एकमेकांना चिकटली. दुष्काळात तेरावा महिना. काका नुसते हळहळत बसले. तेव्हा तू वरच्या पलंगावरून पाय खाली सोडून म्हणालास, "आमच्याकडे पण हे तीन महिने वर्षावास असतो, विहारात रोज ग्रंथ वाचतात. माझ्याकडे एक जाडजूड पुस्तक आहे. एका भिक्षूची गोष्ट आहे, चिनी. वाचू?"

काकांनी विचारलं, "चिनी देव चालतात का श्रावणात?"

"माकड आहे त्यात," तू म्हणालास. "डोंगर उचलण्याएवढ्या ताकदीचं, ढगावरून उडतं."

"मग चालेल," काका म्हणाले.

ते इंग्रजी पुस्तक तुला कुठल्याशा साईट ऑफिसच्या रद्दीत सापडलं होतं. शंभर अध्याय. तू मनात इंग्रजी वाचायचास आणि तोंडाने मराठी सांगायचास, तेही तुमच्या मराठवाड्याच्या ठसक्यात. श्रावण संपला तरी तुझी पोथी संपेना. मग आम्ही ती चालूच ठेवली, शुक्रवारी दोन अध्याय, वर्षभर.

काय रंगवायचास रे! तो भिक्षू बुद्धाचे ग्रंथ आणायला चीनमधून भारताकडे निघालेला, बरोबर माकड, खादाड डुक्कर आणि तिसरा एक मुकाट ओझं वाहणारा. डुकराचं वर्णन आलं की सगळे माझ्याकडे बघायचे. आणि स्वर्गातलं ते सरकार! कारकून, खाती, शिक्के, हुकूम. माकडाला स्वर्गात नोकरी मिळते ती घोडे राखायची, आणि हुद्दा तेवढा मोठा लिहून देतात. तुझं ते वाक्य संपेपर्यंत सगळी खोली ओरडायची, "अरे, हा तर आपलाच व्हिसा!" प्रत्येक राज्यात तो भिक्षू आपला परवाना राजाकडून शिक्का मारून घ्यायचा. आमचे सगळ्यांचे पासपोर्ट मालकाच्या कपाटात. आम्हाला त्या शिक्क्यांचं जेवढं कौतुक होतं, तेवढं कुठल्या चिन्याला तरी असेल का?

मग तू थांबून खरी हकीकत सांगायचास. असा एक भिक्षू खरोखर होऊन गेला, जवळजवळ चौदाशे वर्षांपूर्वी. परवानगी नसताना देशाबाहेर पडला, वाळवंट ओलांडलं, सोळा-सतरा वर्षांनी ग्रंथ घेऊन परत गेला आणि उरलेला जन्म भाषांतरात घातला. आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला. तुझ्या गावापासून एका एसटीच्या अंतरावर जी लेणी आहेत ना, दाराशी दगडी हत्ती असलेली, तसल्याच एका विहाराचं त्याने लिहून ठेवलंय, असं तू सांगितलंस. तू लहानपणी तिथे सहलीला गेला होतास. हातात कमळ धरलेला तो बोधिसत्त्व भिंतीवर पाहिला होतास, सगळ्यांवर दया करणारा. तोच चीनमध्ये जाता जाता बाई झाला, म्हणालास, आणि या गोष्टीत सगळ्यांना अडचणीतून सोडवायला येते ती हीच बाई. काका म्हणाले, "आई झाली म्हण ना मग." तू म्हणालास, "हो काका, आईच." तुझी आई गेल्याला तेव्हा सहा महिनेसुद्धा झाले नव्हते आणि तुला रजा मिळाली नव्हती.

भांडण आपलं माकडावरून. पहिल्या शुक्रवारपासून. मी म्हणायचो, हा मारुती. उडतो, डोंगर उचलतो, वाटेल तेवढा मोठा होतो, वाटेल तेवढा लहान होतो, आणखी काय पुरावा पाहिजे? तू म्हणायचास, "हे मन आहे, दत्ता. जुन्या सुत्तांत बुद्धाने सांगितलंय, चित्त म्हणजे एक फांदी सोडून दुसरी धरणारं माकड. चिनी लोकांनी तेच उचललं. म्हणून त्याच्या डोक्यात कडं घातलंय, भिक्षूने मंत्र म्हटला की आवळतं. म्हणून तो एवढ्या कोलांट्या मारून आकाशाच्या टोकाला जातो आणि असतो कुठे, तर बुद्धाच्या तळहातावर." मी म्हणायचो, "मनाला शेपूट असते का रे?" तू म्हणायचास, "तुझ्या मनाला आहे." काका मध्ये पडून चहा टाकायला लावायचे. असलं भांडण मला आयुष्यभर पुरलं असतं. माती खाल्ली ती मीच.

पोथीची समाप्ती म्हटली की आमच्याकडे नैवेद्य होतो, आरती होते. शेवटचा अध्याय राहिला होता. मी ठरवलं, मिलिंदने वर्षभर घसा फोडला, आपण झोकात समाप्ती करू. मनात कपट नव्हतं, हे तुझी शपथ घेऊन सांगतो. रोला मार्केटमधून चिनी खेळणं आणलं, हातात सोनेरी काठी घेतलेलं प्लास्टिकचं माकड. तेलात शेंदूर कालवून त्याला फासला. शिरा केला. तू आंघोळीच्या रांगेत होतास तेवढ्यात सगळी मांडणी केली. माकड ठेवायला उंच जागा खोलीत एकच होती, तुझ्या पलंगाच्या उशाशी ठोकलेली फळी. तिच्यावर तुझा बुद्धाचा फोटो होता. तो मी उचलला आणि फ्रीजवर ठेवला, लोणच्याच्या बरणीशेजारी.

तू आलास. टॉवेल खांद्यावर. फळीकडे बघितलंस. आरती सुरू करायला मी टाळ्यांसाठी हात वर केले होते, ते तसेच राहिले.

"दत्ता, त्यांना कुठे ठेवलंस?"

मी फ्रीजकडे बोट केलं. तू फोटो घेतलास, काचेवर तेलाचा डाग पडला होता तो टॉवेलने पुसलास. आवाज चढवला नाहीस. चढवला असतास तर बरं झालं असतं, मीही चढवला असता, आणि चहा होऊन मिटलं असतं.

"मी देव पूजायचे नाहीत अशी प्रतिज्ञा घेतलीय, तुला माहीत आहे," तू म्हणालास. "तू पूज, माझं काही म्हणणं नाही. पण त्यांना उचलून त्यांच्या जागी हे?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला, तसं माझं झालं. मी म्हणालो, "अरे, एवढं काय त्यात? मारुती आमचाच ना? तुमच्या लोकांनी नेला चीनला, आम्ही परत आणला."

आमचा. तुमच्या. वर्षभर एका ताटलीत भजी खाल्लेल्या माणसाला मी हे म्हणालो. काकांनी मान खाली घातली. तू पुस्तक हातात घेतलंस, बोट शेवटच्या अध्यायाच्या खुणेत होतं, आणि मला विचारलंस, "खरं सांग. यात माकड नसतं, तुला मारुती वाटला नसता, नुसती बुद्धाची गोष्ट असती, माझ्या तोंडून, तर तू ऐकायला बसला असतास?"

मी म्हणालो, "शिरा निवतोय."

तू शिरा खाल्लास. प्रसाद म्हणून नव्हे, अन्न म्हणून, हे तुझ्या तोंडावरून कळत होतं. "साखर जास्त झालीय," म्हणालास आणि पलंगावर चढलास. शेवटचा अध्याय कुणी वाच म्हटलं नाही आणि तू वाचला नाहीस. दुसऱ्या महिन्यात अल ऐनच्या वर्कशॉपमध्ये जास्त पगाराची जागा मिळाली म्हणून गेलास. सगळ्यांना मिठ्या मारल्यास, मलाही. जाताना काकांनी विचारलं, "अरे, पण ग्रंथ मिळाले का शेवटी त्यांना?" तू म्हणालास, "मिळाले, काका." एवढंच.

आपण बोलणं टाकलं नाही, हीच तर गंमत. दर शुक्रवारी फोन. गुडघे, पोरांच्या शाळा, कंपनीने रजा नाकारली, गावी विहीर किती खोल गेली. माझं लग्न झालं, बायको आली, तन्वी झाली; प्रत्येक वेळी पहिला फोन तुझा. काका गावी गेले आणि वारले, ते मी तुला सांगितलं तेव्हा आपण दोघं फोनवर काकांच्या एकेक गोष्टी काढत बसलो आणि मी मिनिटांचा हिशोब केला नाही. पण पोथीचं नाव कुणी काढलं नाही. इतकी वर्षं! दुखरा दात जिभेने चुकवावा तसं चाललं होतं आपलं.

तन्वीला घेऊन आम्ही अल ऐनला आलो ती शेवटची भेट. तू आम्हाला खजुराच्या बागेत नेलंस. त्या पाटातल्या पाण्यात पाय सोडून बसलास आणि तन्वीने तुला विचारलं, "काका, डू यू नो द मंकी वन? द चायनीज वन?" तिने कुठेतरी कार्टून पाहिलं होतं. मी लगेच उठलो, म्हटलं, चहा बघून येतो. चहा बघायला एवढा वेळ लागत नाही. मी गाडीला टेकून उभा होतो आणि लांबून तुझे हात हवेत फिरताना दिसत होते. इतक्या वर्षांनी तेच हात, तसेच.

घरी येताना तन्वीने सगळं सांगितलं. ते शेवटी बुद्धाकडे पोचतात, ग्रंथ देणारे अधिकारी लाच मागतात, हे देत नाहीत, तर कोरे ग्रंथ मिळतात. "ऑल ब्लँक, बाबा! अँड बुद्धा सेज द ब्लँक वन्स आर द रियल वन्स, बट पीपल कान्ट रीड दॅट, सो ही गिव्ह्ज देम द अदर वन्स." आणि माकडाचं काय झालं, मी विचारलं. "ही बिकेम अ बुद्धा टू. द हेडबँड इज गॉन." माझ्या वाट्याचा शेवट मला पोरीच्या इंग्रजीतून ऐकावा लागला. बायकोने विचारलं, डोळ्यांत काय गेलं. मी म्हटलं, वाळू.

मग गेल्या महिन्यात मी दारांच्या बिजागऱ्या आणायला दुबईच्या चिनी बाजारात, ड्रॅगन मार्टला गेलो. एका दुकानात हातभर उंच माकड, सोनेरी काठी, डोक्यात कडं. काउंटरवरच्या चिनी बाईला विचारलं, "हनुमान?" ती जोरजोरात मान हलवायला लागली. "नो, नो! चायना! गो इंडिया, ब्रिंग बुक!" मी म्हटलं, "इंडिया मंकी, गो चायना." ती म्हणाली, "नो! चायना मंकी!" तिथेच उभा राहून तुला फोन लावला. म्हटलं, "मिलिंद, ही बाई म्हणते माकड आमचं. आता तिसरा दावेदार निघाला."

किती हसलास! खोकला लागेपर्यंत. मग म्हणालास, "विद्वानसुद्धा अजून भांडतायत, दत्ता. कुणी म्हणतो माकड भारतातून गेलं, कुणी म्हणतो चीनमधलंच, तिथल्या कुठल्या नदीतलं. तुझंही पूर्ण चुकलेलं नसेल." एवढ्या वर्षांनी मला अर्धा गुण दिलास. आणि सहज बोलल्यासारखं म्हणालास, "त्या खऱ्या भिक्षूने आपल्या महाराष्ट्रातल्या माणसांबद्दल काय लिहिलंय माहितीय? उपकार केले तर विसरत नाहीत, आणि अपमान केला तर तोही विसरत नाहीत."

दुसरा भाग माझ्यासाठी होता. की पहिला? मला कळलं नाही. मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. पण ती बाई बिजागऱ्यांचे पैसे मागत होती आणि मागे रांग होती. मी म्हटलं, "शुक्रवारी येतो, मग बोलू." तू म्हणालास, "ये. चहा मी करतो, साखर मी घालतो." त्या आठवड्यात कंपनीत स्टॉक मोजायचा निघाला, मग तन्वीला ताप, मग पुढचा शुक्रवार. त्याच्या आदल्या मंगळवारी तू लेथवर काम करता करता खाली बसलास. खलास. तुझ्याबरोबरचा पठाण मला सांगत होता की तू आधी मशीन बंद केलंस आणि मग बसलास.

वहिनी, हा कागद तुम्ही वाचत असाल किंवा तुमचा मुलगा वाचत असेल. इथे थांबू नका. पुढचं गाळलंत तर मी पुन्हा 'शिरा निवतोय' असंच म्हटल्यासारखं होईल. समोर त्याचे भाऊबंद बसले असतील, त्यांना राग येईल, येऊ द्या.

मिलिंद, नसतो बसलो. नुसती बुद्धाची गोष्ट असती, तुझ्या तोंडून, तर मी कपडे वाळत घालायचं निमित्त काढून गच्चीवर गेलो असतो, आणि काकाही गेले असते. मारुती वाटला म्हणून बसलो. मला वाटतं, हे तुला पहिल्याच शुक्रवारी कळलं होतं, म्हणूनच तू आधी माकडाचं नाव घेतलंस. आणि तरी तू वर्षभर आम्हाला वाचून दाखवलंस.